जपानमधील अन्नसुरक्षा व लहान शेतकरी
औद्योगिक दृष्ट्या प्रगत असूनही अन्नाच्या बाबतीत बव्हंशी परावलंबी असलेल्या जपानने तांदळाची स्वयंपूर्णता टिकविण्यासाठी व लहान शेतकऱ्याचे उत्पन्न सावरण्यासाठी अवलंबिलेले धोरण. देश डोंगराळ असल्याने लागवडीखालील जमीन थोडी व धारणक्षेत्रे लहान आहेत. १९१८ मध्ये तोयामाच्या किनाऱ्यावरील स्त्रियांनी महागाईमुळे तांदूळ बाहेर पाठविण्यास विरोध केला, त्यातून देशभर दंगली उसळल्या व तेराउची मंत्रिमंडळ पायउतार झाले. तेव्हापासून तांदळाचा भाव हा तेथे राजकीय स्थैर्याचाही प्रश्न बनला.

युद्धकाळातील १९४२ च्या अन्ननियंत्रण कायद्याने तांदळाची खरेदी व शिधावाटप शासनाकडे आले. युद्धोत्तर जमीनसुधारणेत (१९४६–५०) गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांची कुळांकडील सर्व जमीन व गावातील जमीनदारांची कुळांकडील सु. १ हेक्टरवरील (होक्काइदोत ४ हेक्टरांवरील) जमीन शासनाने सक्तीने विकत घेऊन कुळांना दिली. चलनवाढीमुळे मोबदला नाममात्र ठरला. कुळांकडील जमिनीचे प्रमाण सु. ४६ टक्क्यांवरून सु. १० टक्क्यांवर आले. स्वतःच्या जमिनीचा धनी असलेला लहान शेतकरी हा वर्ग असा निर्माण झाला.

या वर्गाचे उत्पन्न शहरी कामगाराच्या बरोबरीस आणण्यासाठी १९६० पासून तांदळाचा खरेदीभाव ठरविताना शेतकऱ्याच्या कुटुंबाचे श्रम शहरी वेतनाच्या दराने मोजण्यात येऊ लागले. शासन चढ्या भावाने खरेदी करून ग्राहकास त्याहून स्वस्त विकू लागले व तूट सरकारी तिजोरीवर पडली. कारखान्यात वा कचेरीत नोकरी करून सुटीच्या दिवशी यंत्राच्या साहाय्याने अर्धा-एक हेक्टर भात पिकविणेही परवडू लागले. त्यामुळे जमीन विकण्यास वा खंडाने देण्यास फारसे कोणी तयार होईना आणि पूर्णवेळ शेतकऱ्यांची खाचरे वाढण्याची वाट अडली. दरम्यान आहारही पालटला. १९६२ मध्ये दरडोई वार्षिक सु. ११८ किग्रॅ. असलेला तांदळाचा खप पुढे ५० किग्रॅ.च्या आसपास उतरला, तर गहू, सोयाबीन व पशुखाद्य यांची आयात वाढली. १९७० पर्यंत शासकीय गुदामांत सु. ७० लक्ष टन जुना तांदूळ साचला. तेव्हा खरेदीभाव उतरविण्याऐवजी लागवडच घटविण्याचा (गेन्तान) मार्ग पत्करण्यात आला. भात न पिकविणाऱ्यास वा त्या जागी दुसरे पीक घेणाऱ्यास अनुदान मिळू लागले. अन्नसुरक्षेच्या नावाने पोसलेल्या शेतीलाच कमी पिकविण्यासाठी पैसे देण्याची ही विसंगती जवळजवळ अर्धे शतक टिकली.

तिचे धोके १९९३ च्या थंड उन्हाळ्यात दिसले. भाताचे उत्पादन सरासरीच्या ७४ टक्क्यांवर आले आणि थायलंड, चीन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांकडून तातडीने तांदूळ आणावा लागला. त्याच वर्षी उरुग्वे वाटाघाटींत जपानने किमान आयात मान्य केली. १९९५ मध्ये अन्ननियंत्रण कायदा रद्द झाला. यानंतर किमतीऐवजी थेट अनुदानावर भर वाढला. त्यांपैकी २००० पासूनची डोंगराळ भागांसाठीची योजना विशेष विचारपूर्वक आखलेली दिसते. तीत गावकरी पाच वर्षे जमीन कसण्याचा सामूहिक करार करतात. उताराच्या प्रमाणात अनुदान मिळते व त्याचा काही भाग पाट व बांध यांच्या डागडुजीसाठी एकत्र ठेवता येतो. तीव्र उतारावरील खाचरांस हा दर दर १० आरांस २१,००० येन असा ठरला.

तथापि शेतकऱ्यांची संख्या घटतच गेली. प्रामुख्याने शेतीवर काम करणाऱ्यांची संख्या २००० मध्ये सु. २४ लाख होती. २०२० मध्ये ती सु. १३.६ लाख झाली व त्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे होते. उष्मांकांच्या हिशेबाने अन्नातील स्वयंपूर्णता १९६० मधील ७९ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ३८ टक्क्यांवर आली.

उत्पादनाचे कोटे ठरवून देण्याचे काम शासनाने २०१८ पासून सोडले; परंतु भाताऐवजी पशुखाद्याचा तांदूळ व इतर पिके घेण्यासाठीची अनुदाने चालू राहिल्याने खाण्याच्या तांदळाचे उत्पादन मागणीच्या काठावरच राहिले. २०२३ च्या कडक उन्हाळ्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुकानांतील फळ्या रिकाम्या पडल्या व २०२५ च्या वसंतात किरकोळ भाव वर्षापूर्वीच्या सु. दुप्पट झाले. आपत्तीसाठी राखलेला साठा बाजारात आणावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने उत्पादनवाढीचे धोरण जाहीर केले. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या मंत्रिमंडळाने मागणीइतकेच उत्पादन हे जुने तत्त्व पुन्हा पुढे मांडले.