पानाचा मजकूर आणि पानाचा साचा

ओळखीच्या एका शाळेच्या संकेतस्थळावर मराठी मजकूर वाचवत नसे. ओळींमधले अंतर रोमन लिपीच्या हिशेबाने ठेवलेले. त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत. शीर्षकांतली अक्षरे सुटी मांडली होती. रोमन लिपीला ते शोभते, पण देवनागरीची शिरोरेषा तुटते. मी साच्याच्या फाइलमध्ये शिरलो, ओळींचे अंतर १.२ चे १.७ केले, अक्षरांमधले शून्य केले. पाने छान दिसू लागली. काही महिन्यांनी साच्याची नवी आवृत्ती आली, बाईंनी ‘अद्ययावत करा’ ही कळ दाबली आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे! मजकूर मात्र एका अक्षराने हलला नव्हता. असे का व्हावे?

ते संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली सुरू केलेली ही मुक्तस्रोत प्रणाली; तिचा कोड कुणीही वाचावा, बदलावा. तिच्यात तयार पाने साठवलेली नसतात. गुणपत्रिकेचे उदाहरण घ्या. गुण रजिस्टरात असतात आणि छापील नमुना कोरा असतो. दोन्ही एकत्र आल्यावर गुणपत्रिका होते. इथे रजिस्टर म्हणजे माहितीसाठा आणि नमुना म्हणजे साचा, अर्थात थीम. कुणी पान मागितले की दोन्हींची जुळणी होते. अद्ययावत करताना साच्याचे अख्खे फोल्डर बदलले जाते. माझे दोन आकडे त्या फोल्डरात होते, म्हणून गेले. चूक बाईंची नव्हती, माझी होती.

यावर उपाय उपसाच्याचा. वेगळे फोल्डर करायचे, त्यातल्या शैलीच्या फाइलच्या माथ्यावर मूळ साच्याच्या फोल्डरचे नाव लिहायचे, आणि बदलायच्या तेवढ्याच फाइली तिथे ठेवायच्या. वर्डप्रेस प्रत्येक नमुना आधी उपसाच्यात शोधते, नसेल तर मूळ साच्यात. समजा, फक्त प्रवेशाचे पान निराळे हवे आहे आणि पत्त्यात त्याचे नाव ‘प्रवेश’ आहे. मग शोध ‘पेज-प्रवेश’ या फाइलपासून सुरू होतो. ती नसेल तर पानाच्या क्रमांकाची फाइल, मग ‘पेज’, ‘सिंग्युलर’ आणि शेवटी ‘इंडेक्स’. विशेषाकडून सामान्याकडे, असा हा क्रम आहे.

‘फंक्शन्स’ ही फाइल याला अपवाद. तिथे उपसाच्याची आणि मूळची अशा दोन्ही फाइली चालतात, आधी उपसाच्याची. मूळ फाइल जशीच्या तशी उतरवलीत तर एकाच नावाची कार्ये दोनदा घोषित होऊन बहुधा संकेतस्थळच बंद पडते. तिथे फक्त नवी भर घालावी.

खरे तर दोन आकड्यांसाठी एवढाही खटाटोप नको होता. ‘अतिरिक्त सीएसएस’ या चौकटीत लिहिलेले नियम माहितीसाठ्यात जातात, म्हणून अद्ययावत केल्यावरही टिकतात. साचाच बदललात तर मात्र ते लागू होत नाहीत. २०२२ च्या जानेवारीत ५.९ ही आवृत्ती आली, तिच्यापासून ठोकळ्यांच्या साच्यांत नमुनेसुद्धा पडद्यावरच बदलता येतात, आणि ते बदलही माहितीसाठ्यातच राहतात. विद्यार्थ्यांना हे दाखवायचे असेल तर संगणकावर वर्डप्रेसची वेगळी प्रत बसवा आणि आधी मूळ फाइल बदलून, साचा अद्ययावत करून पाहू द्या.