सरासरी आणि मधला माणूस

मंडळी, कविसंमेलनाला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. समजा, अकरा कवी आहेत. दहा जणांनी पाच-पाच मिनिटे घेतली आणि अकरावे महाशय तासभर उठलेच नाहीत. सरासरी काढा: प्रत्येकी दहा मिनिटे! पण दहा मिनिटे तर कुणीच घेतली नाहीत. गणित चुकलेले नाही. एका माणसाने ते आपल्याकडे ओढून नेले आहे.

कविसंमेलनात यावर हसून भागते. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये भागत नाही. सिम्युलेशन म्हणजे घटना घडण्याआधी संगणकावर केलेली तिची रंगीत तालीम. १९४६ साली आजारातून उठत असलेले गणिती स्टॅनिस्लाव उलाम पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसले होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे अवघड. त्यापेक्षा शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजावे, असे त्यांच्या मनात आले. जुगाराच्या अड्ड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचे नाव या पद्धतीला मिळाले.

आजचा हवामानाचा अंदाजही अशाच तालमींवर उभा असतो. आजच्या मोजणीतली बारीकशी चूक चार दिवसांत केवढीही वाढू शकते. म्हणून सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तोच अंदाज पुनःपुन्हा काढतात. २०१८ साली भारतात अशी २१ तालमींची पद्धत सुरू झाली. तिच्या उभारणीत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा वाटा होता.

आता प्रश्न असा, की इतक्या उत्तरांतून एक उत्तर सांगायचे कसे? सोयीसाठी अकराच तालमी घेऊ. एखाद्या धरणाच्या परिसरात उद्या किती मिलिमीटर पाऊस पडेल, याची समजा ही उत्तरे आली: ३८, ४०, ४१, ४२, ४४, ४५, ४७, ४८, ५०, ५२ आणि ४००. सरासरी येते ७७. दहा तालमी बावन्नच्या आत असताना ७७ हे कुणाचे उत्तर? उत्तरांचा पसारा मोजण्याचे नेहमीचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते तर शंभराच्या वर जाते. ७७ मधून शंभर वजा केले, तर पाऊस आकाशात परत जाईल!

शाळेत शिकलेला मध्यक इथे कामाला येतो. उत्तरे चढत्या क्रमाने उभी करायची आणि मधल्याला विचारायचे. सहावे उत्तर ४५. पसाराही तसाच मोजता येतो. प्रत्येक उत्तराचे ४५ पासूनचे अंतर काढायचे, ती अंतरे ओळीत लावायची आणि त्यातले मधले घ्यायचे. ते येते अवघे ४. चारशेच्या जागी चार हजार आले, तरी हे दोन्ही आकडे जागचे हलत नाहीत. एखाद्या हट्टी आकड्याने न डगमगणाऱ्या अशा पद्धतींना संख्याशास्त्रात ‘रोबस्ट’, म्हणजे धडधाकट, म्हणतात. जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ साली हा शब्द या अर्थाने वापरला. अर्थात धडधाकटपणालाही मर्यादा आहे. अकरांपैकी पाच उत्तरे बहकली तरी मध्यक शाबूत राहतो. सहावे बहकले की तोही गेला. आणि सगळ्याच तालमी एकाच चुकीवर उभ्या असतील, तर मधला माणूसही चुकीचेच सांगणार.

मग ते ४०० खोडून टाकायचे का? इथेच सावध राहायला हवे. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्यात सुमारे ७३. आदल्या दिवशी एखाद्या तालमीने ९४४ दाखवले असते, तर ‘यंत्र बिघडले’ म्हणून कुणी तो आकडा सहज पुसला असता.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात. बहुतेक तालमी काय म्हणतात, ते मध्यकाने सांगावे. आणि वेगळे बोलणारा एकटा काय म्हणतो, ते त्याच्या शेजारी स्वतंत्र लिहावे. तो आकडा हिशेबाच्या चुकीने आला, की खऱ्या धोक्याने, हे तपासावे. सरासरीत दोन्ही एकदम बुडतात: बहुतेकांचे म्हणणे बिघडते आणि एकट्याचा इशाराही ऐकू येत नाही. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, हे ठरवणाऱ्याला या दोन्हींची गरज असते. आणि खाली नदीकाठी झोपलेल्या गावालाही.