दीड इंचाचं दार

लाकडाची एक साधी पेटी. समोरच्या फळीला दीड इंचाचं गोल भोक. अमेरिकेतली बारा-तेरा वर्षांची मुलं अशा दोन पेट्या ठोकतात, खांबावर बसवतात आणि विणीचा पूर्ण हंगाम तिथं नेमानं जाऊन वहीत नोंदी करतात. कशासाठी? तर एका बॅजसाठी. त्याचं नाव मात्र एखाद्या सरकारी खात्यासारखं भारदस्त: ‘मत्स्य व वन्यजीव व्यवस्थापन’.

तिथली बॉय स्काउट संघटना १९१० सालची; २०२५ पासून ती ‘स्काउटिंग अमेरिका’ झाली. (आमच्या लहानपणी स्काउटला बालवीर म्हणत. तो शब्द कुठं हरवला कोण जाणे.) तिच्या शंभराहून अधिक बॅजांपैकी हा एक. विषयातल्या जाणकारापुढे आपलं काम मांडायचं, त्याचं समाधान झालं तर बॅज.

‘व्यवस्थापन’ हा शब्द मला आधी खटकला. पाखरू म्हटलं की कवीला आभाळ आठवतं, हिशेबाची वही नव्हे. पण ही पेटी नीट समजून घेतली आणि माझा सूर थोडा खाली आला.

पेटी असते ती बहुधा ब्लूबर्डसाठी. चिमणीपेक्षा जरासा मोठा, निळ्या पाठीचा, तांबूस छातीचा पक्षी. तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो, पण ढोली स्वतः कोरू शकत नाही. माणसांनी वठलेली झाडं तोडली, कुंपणाचे लाकडी खांब जाऊन लोखंडी आले, आणि उरल्यासुरल्या ढोल्या दोन परक्या पक्ष्यांनी बळकावल्या. एक स्टार्लिंग, आपल्या साळुंकीची चुलतबहीण. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेली. दीड इंचाच्या भोकातून ती आत जाऊ शकत नाही. दुसरा पक्षी जातो. तो म्हणजे आपली चिमणी!

होय, तीच काऊ-चिऊच्या गोष्टीतली. १८५० च्या सुमारास माणसांनीच तिला युरोपातून तिकडं नेलं. ती ब्लूबर्डची अंडी फोडते, पिल्लं मारते. म्हणून पेटीच्या दाराशी बसायला काडी लावत नाहीत. चिमणीची सोय होते. तिथल्या मूळच्या पक्ष्यांच्या घरट्याला हात लावणं कायद्यानं गुन्हा आहे. चिमणीला ते संरक्षण नाही. तिचं घरटं काढून टाकलं जातं.

हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो. अम्मी तांदूळ निवडायला बसली की चिमण्या तिच्या सुपाभोवती नाचत. आज आपण त्याच चिमणीसाठी पेट्या टांगतो, २०१० पासून वीस मार्चला तिचा दिवस पाळतो. पक्षी एकच, पेटीही जवळजवळ तशीच. इथं तिला बोलवायचं, तिथं तिला हाकलायचं. कुठला जीव, कुठल्या मातीत, किती? हे विचारल्याशिवाय नुसत्या मायेनं काही ठरवता येत नाही. म्हणूनच या बॅजसाठी मुलांना आपल्याच राज्यातल्या वन्यजीवांपुढचे धोके आणि तिथले उपाय शोधून मांडावे लागतात. त्या उपायांत शिकारीचे नियम आणि परवानेही येतात. मला ते अवघड जातं, पण ते लपवलेलं नाही, हे बरं वाटतं.

माशांचा भाग निराळाच. दिलेल्या कामांपैकी एक निवडायचं. तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्यांना किती तास बसलात, किती मासे लागले, असं विचारत हिशेब काढायचा. किंवा माशांची पोटं चिरून ते काय खातात हे पाहायचं. नाहीतर खवल्यांवरून वय ओळखायचं. थंडीत माशाची वाढ मंदावते, खवल्यावरच्या रेषा दाट होतात, आणि झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक खूण उमटते. कोकणातल्या आमच्या घरी मासे साफ होताना मी ढीगभर खवले उडताना पाहिले. त्यात काही वाचता येतं हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडं कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे या खुणा तितक्या स्पष्ट नसतात, ही गोष्ट वेगळी.

पेटीत पक्षी आलाच पाहिजे, अशी अट नाही. अट नोंदींची. रिकामी असेल तर ‘रिकामी’ असं लिहायचं. आला, अंडी घातली, तर ती मोजायची. पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की मात्र पेटी उघडायची नाही. घाबरून ती अकाली बाहेर उडी घेतात. मग लांबच उभं राहायचं, आणि तिथून दिसेल तेवढंच वहीत उतरवायचं.