दहा दिवसांची कार्यशाळा आणि घरची परवानगी

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे दूरदूरच्या लोकांना हे नाव ठाऊक आहे. पदवीपर्यंतचे शिक्षण येथे गावातच होते. पुढे एम.ए., एम.एस्सी.साठी यवतमाळ गाठावे लागते आणि पीएच.डी.ची नोंदणी करायची तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे जावे लागते. 1983 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे येतात.

इथपर्यंतचा रस्ता अनेक घरांना आता समजला आहे. मुलगी एम.ए. झाली, संशोधनासाठी नोंदणी झाली, की अम्मी-अब्बू मोहल्ल्यात अभिमानाने सांगतात. अडचण येते ती पुढच्या वाक्याशी: "अब्बू, नागपूरला दहा दिवसांची कार्यशाळा आहे. तिथेच राहावे लागेल." मग घरात प्रश्न सुरू होतात. नोंदणी झाली, मार्गदर्शक मिळाले, मग हे आणखी काय? परीक्षा आहे का? नोकरी लागणार आहे का? प्रश्न चुकीचे नाहीत. ज्या घरात आजवर कोणी संशोधन केलेले नाही, तिथे ते पडणारच. म्हणून त्यांचे उत्तर नीट द्यायला हवे.

कार्यशाळेत काय होते?

पदवीच्या शिक्षणात प्रश्न पुस्तकात असतो, उत्तरही पुस्तकात असते. संशोधनात प्रश्नच आपण तयार करायचा असतो आणि हे काम एम.ए.पर्यंत सहसा कोणी शिकवत नाही. संशोधन पद्धतीच्या कार्यशाळेत हेच शिकवतात. विषय कसा नेमका करायचा, आधी झालेले काम कसे शोधायचे, प्रश्नावली कशी बनवायची, लोकांची संमती कशी घ्यायची, जमवलेल्या आकड्यांचा अर्थ संगणकावर कसा लावायचा, लेख कुठे पाठवायचा आणि दहा जणांसमोर उभे राहून आपले म्हणणे कसे मांडायचे, हे सारे त्यात येते.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. 2017 मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यावर लिहायला दूरदूरून लोक आले. आर्णीची मुलगी हा विषय घेईल तर तिच्याकडे बाहेरच्यांकडे नसलेली गोष्ट आहे. शेतमजूर बाईशी ती तिच्याच बोलीत बोलू शकते. मात्र "फवारणीचे दुष्परिणाम" एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. कोणत्या गावांत, किती घरांत, कोणाला विचारायचे? फवारणीचे पाणी भरणाऱ्या बायकांची नोंद कुठे होते की होतच नाही? मोठा विषय असा प्रश्नात उतरवण्याचे कसब सरावानेच येते.

नियम काय सांगतात?

काही घरांत कार्यशाळेकडे हौस म्हणून पाहिले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाची 7 नोव्हेंबर 2022 ची पीएच.डी. नियमावली मात्र स्पष्ट आहे. संशोधकाला किमान 12 श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते. विषय कोणताही असो, त्या विषयाच्या अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्याआधी 2019 मध्ये आयोगाने संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही सक्तीचा केला.

या नैतिकतेचा संबंध थेट पदवीशी आहे. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. 60 टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. पुष्कळदा यात लबाडी नसते. संदर्भ कसा द्यायचा हे न शिकल्यामुळे मुले अडकतात. हदीसच्या सनदेत कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी जपली जाते, हे आपल्या घरांना माहीत आहे. गोष्ट कोणाकडून आली ते सांगणे, हाच संशोधनाचाही पहिला दंडक आहे.

पैशाची बाजू

अल्पसंख्याक संशोधकांसाठी 2009 पासून असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने 2022-23 पासून बंद केली. त्यामुळे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपचे, म्हणजे जेआरएफचे, मोल वाढले आहे. 2023 पासून तिची रक्कम महिना 37,000 रुपये आहे. वयाची मर्यादा 30 वर्षे असून महिलांना त्यात पाच वर्षांची सूट मिळते. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले. ज्यांना जेआरएफ मिळालेली नाही त्यांच्यासाठी परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन ठेवले गेले. भाषाविषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना इथे तयारी करून घ्यावी लागते. मुलाखतीची भीती तर सरावाशिवाय जात नाही.

निवड करताना

कार्यशाळेच्या नावाखाली नुसती प्रमाणपत्रे विकणारेही आहेत. म्हणून पाठवण्याआधी घरच्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. आयोजक कोण आहे? दिवसभराचे वेळापत्रक छापलेले आहे का? शिकवणाऱ्यांची नावे दिली आहेत का? मुलींच्या निवासाची सोय कुठे आहे? भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद ही 1969 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिच्या अनुदानातून विद्यापीठे समाजशास्त्रांच्या संशोधकांसाठी दहा दिवसांचे संशोधन पद्धती अभ्यासक्रम घेतात. बाहेरगावच्यांना अनेकदा निवासाची सोय मिळते. आयोजकांना फोन करून वसतिगृहाची चौकशी करण्यात गैर काही नाही. अब्बू किंवा भाऊ पहिल्या दिवशी सोडायला गेला तर घराचीही चिंता मिटते.

जिला जाणे खरोखरच शक्य नाही तिने 'स्वयम' या सरकारी संकेतस्थळावरून सुरुवात करावी. तिथे संशोधन पद्धतीचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क पडते. 'शोधगंगा'वर देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या वाचता येतात. तरीही समोरासमोरच्या कार्यशाळेत जे घडते ते मोबाईलवर घडत नाही. तिथे वेगवेगळ्या विद्यापीठांतील संशोधक एकत्र जेवतात, एकमेकांचे आराखडे तपासतात आणि वर्षानुवर्षे एकमेकांना जाहिराती, पुस्तके, सल्ला पाठवत राहतात. ज्या घरात प्राध्यापक मामा किंवा चाचा नाही, त्या घरच्या मुलीला अशी ओळख तिथेच मिळते.

घरही शिकवू शकते

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये 'तीन मिनिटांत प्रबंध' ही स्पर्धा सुरू केली. तेव्हा तिथे दुष्काळ होता आणि पाणी वाचवण्यासाठी लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे घड्याळ लावत. त्यावरून ही कल्पना सुचली. संशोधकाने आपले सारे काम तीन मिनिटांत, एकाच चित्राच्या आधारे, विषय न जाणणाऱ्या श्रोत्यांना सांगायचे. आज ती अनेक देशांत होते. यासाठी सभागृह लागत नाही. रात्री दस्तरखान आवरल्यावर मुलीला म्हणावे, "बेटा, तू काय शोधते आहेस ते आम्हाला तीन मिनिटांत सांग." दादी-अम्मीला कळले तर निवड समितीलाही कळेल. आणि मुलगी नेमके काय करते हे ज्या घराला समजले, ते घर कार्यशाळेला हौस म्हणणार नाही.

लग्न आणि मुले यांचा विचारही नियमांनी केला आहे. 2022 च्या नियमावलीत पीएच.डी.ची मुदत कमीत कमी तीन आणि साधारणपणे सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने ती वाढते आणि महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. मातृत्व व बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. सासरच्या मंडळींनी निकाहाच्या बोलणीतच या गोष्टी समजून घेतल्या, तर अर्ध्यावर सुटणारे प्रबंध पूर्ण होतील.

सहा वर्षे म्हणजे सुमारे 2,190 दिवस. त्यातले दहा दिवस मुलीने मागितले, तर वेळापत्रक बघा, वसतिगृहाला फोन लावा आणि यवतमाळच्या पहिल्या बसचे तिकीट काढून द्या.