सूक्ष्म छिद्रांची जाळी : घडण व निगा

चाळणीचे मोल तिच्या छिद्रांवर ठरते, हे खळ्यावर धान्य चाळणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. छिद्र मोठे झाले की धान्याबरोबर खडाही खाली उतरतो. लहान झाले की चांगले धान्य कचऱ्यात राहते. ठिबक संचाची गाळणी, साखर कारखाना व पाणी शुद्ध करणारे यंत्र यांनाही हाच नियम लागू आहे. मात्र तेथील छिद्रे नुसत्या डोळ्यांस नीट दिसत नाहीत. ती कशी घडतात हे समजले, म्हणजे ती का जपावीत हेही ध्यानात येते.

धान्याच्या चाळणीचा पत्रा पोलादी पंचाने दाबून छिद्रित करतात. या रीतीत छिद्राचा व्यास सामान्यतः पत्र्याच्या जाडीहून कमी ठेवीत नाहीत. तसे केल्यास पंच मोडण्याचा संभव असतो. त्याहून बारीक छिद्रांसाठी तारेची जाळी विणतात. ठिबकच्या गाळणीत न गंजणाऱ्या पोलादाची अशी जाळी असते. 120 मेशची जाळी म्हणजे एका इंचात 120 घरे. प्रत्येक घर सुमारे 0.13 मिलिमीटर रुंद.

छिद्र याहून नेमके हवे असेल, तर निकेलच्या क्षारांच्या द्रावणात जाळी विजेच्या साहाय्याने घडवितात. धातूच्या साच्यावर छिद्रांच्या जागी वीज न वाहणारा थर देतात. वीज सुरू होताच निकेल उघड्या भागावर साचते; झाकलेली जागा मोकळी राहते. पुरेशी जाडी आल्यावर पत्रा सोलून काढतात. साखर कारखान्यातील सतत चालणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्रांत अशा जाळ्या वापरतात. त्यांच्या चिरा 0.06 मिलिमीटर इतक्या अरुंद असू शकतात. मळी चिरेतून बाहेर पडते व साखरेचे स्फटिक आत राहतात. जाळी झिजली वा फाटली, की साखर मळीत जाते व उतारा घटतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी निगडित असल्याने, ही हानी कारखान्याबरोबर ऊस उत्पादकासही सोसावी लागते.

पाण्यात विरघळलेला क्षार कोणतीही धातूची जाळी अडवू शकत नाही. त्यासाठी पडदा लागतो. 1960 च्या सुमारास लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब व श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा तयार केला. द्रावणाचा पातळ थर पसरून तो थंड पाण्यात बुडविला, की वर अतिशय घट्ट कातडी व खाली सच्छिद्र भाग बनतो. गावातील क्षार काढणाऱ्या यंत्रांतही पडदाच काम करतो. गढूळ पाण्याने तो लवकर चोंदतो. म्हणून त्याआधी साधी गाळणी असावीच लागते.

आता आपल्या शेताकडे वळू. एका बागेत ठिबकच्या निम्म्या ओळी कोरड्या पडल्या होत्या. गाळणी उघडली, तो जाळी शिवणीजवळ बोटभर उसवलेली आढळली. ती तारेच्या ब्रशने घासली जात असे. शेकडो तोट्यांत गाळ शिरल्यावर नवी जाळी बसवूनही त्या तोट्या मोकळ्या होईनात.

हे टाळण्यासाठी शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी :

1. गाळणीचे छिद्र तोटीच्या पाणीमार्गाच्या एक सप्तमांश ते एक दशांश असावे. छिद्र विनाकारण बारीक घेतल्यास गाळणी वारंवार तुंबते.
2. गाळणीच्या आधी व नंतर दाब मोजावा. फरक दर चौरस सेंटिमीटरला 0.5 किलोग्रॅमहून अधिक होताच जाळी धुवावी.
3. जाळी मऊ ब्रशने व वाहत्या पाण्याने धुवावी. तारेचा ब्रश वापरू नये.
4. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असल्यास जाळीच्या आधी वाळूची गाळणी बसवावी. दाबाखाली मऊ शेवाळ जाळीतून पार होते.
5. धुतलेली जाळी उजेडाकडे धरून पाहावी. फाटलेली जाळी शिवून चालवू नये, बदलावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतास भेट देताना पिकाबरोबर गाळणीही उघडून पाहावी. त्यास थोडाच वेळ लागतो आणि त्यामुळे संपूर्ण संचाचे रक्षण होते.