सोवळे, उत्पन्न आणि करुणा

१९४७ साली साने गुरुजी उपोषणासाठी पंढरपुरात आले, तेव्हा त्यांना बसायला गावात जागा मिळेना. देऊळ दूरच राहिले, साधी ओसरी द्यायलाही लोक कचरत होते. शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. महाराज स्वतः वारकरी, म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने विरोध चालला होता त्या परंपरेतलेच. त्या मठात १ मे रोजी गुरुजींनी अन्न सोडले. मागणी एकच होती: अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवू द्या.

या उपोषणाच्या दोन्ही बाजूंना विठ्ठलच होता, हे आपण विसरतो. उपोषण करणारा माणूस भाबडा म्हणावा इतका श्रद्धाळू होता. अडवणारेही देवाधर्माचेच नाव घेत होते. आपल्याकडच्या अशा भांडणांना श्रद्धा विरुद्ध विवेक असे नाव देऊन मोकळे होण्याची सवय लागली आहे. पण संतांच्या कथा, सुधारकांची चरित्रे आणि देवळांच्या खटल्यांची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली, की चित्र निराळे दिसू लागते. रूढी मोडायला पुढे आलेली माणसे पुष्कळदा राखणाऱ्यांपेक्षा जास्त श्रद्धाळू होती, आणि राखणाऱ्यांच्या पाठीशी शास्त्राइतकेच कुणाचे तरी उत्पन्न उभे होते.

पंढरपूरचेच पाहा. विठ्ठलाची सेवा म्हणजे वंशपरंपरेने वाटून घेतलेली कामे. पूजा पुजाऱ्यांनी करायची, मंत्र बेणाऱ्यांनी म्हणायचे, पाणी परिचारकांनी आणायचे, पदे हरिदासांनी गायची. देवाला आरसा दाखवायचा तो डिंगऱ्यांनी, दिवटी धरायची ती दिवट्यांनी आणि चांदीची काठी घेऊन उभे राहायचे ते डांग्यांनी. या सगळ्यांवर बडवे. रुक्मिणीकडची व्यवस्था उत्पातांची. देवापुढे पडणाऱ्या ओवाळणीवर बडव्यांचा हक्क, आणि ती गोळा करण्याची पाळी आपसात लिलावाने ठरे. देवाच्या पायाशी बसायची बोली लागत होती, हे ऐकून आज कसेसे होते. पण त्या घरांत जन्मलेल्या माणसाला ते वतन होते, शेतासारखे. आजोबांकडून आलेले, नातवाकडे जायचे. अशा माणसाला ‘परंपरा बदला’ म्हणणे म्हणजे ‘सातबारा फाडा’ म्हणण्यासारखे होते.

चोखोबांच्या अभंगांत बडव्यांनी मारल्याची तक्रार आहे. चौदाव्या शतकातली ती तक्रार विसाव्या शतकापर्यंत निकालात निघाली नव्हती. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ झाली. जिवंतपणी जिथवर येता येत होते, मेल्यावरही तिथवरच. दर एकादशीला हजारो लोक त्या समाधीला नमस्कार करून आत जात राहिले, आणि चोखोबांच्या जातीची माणसे बाहेरच राहिली. श्रद्धा आणि रूढी एका माणसात इतक्या सुखाने नांदू शकतात, याचा याहून ठळक पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही.

एकनाथांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सोळाव्या शतकातले पैठण म्हणजे धर्मनिर्णयाचे पीठ. नाथ त्याच गावातले कुलीन, विद्वान ब्राह्मण. गमावण्यासारखे पुष्कळ असलेला माणूस. त्यांच्या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः ताहराबादच्या महिपतींमुळे, आणि महिपती अठराव्या शतकातले, म्हणजे नाथांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिणारे. तेव्हा त्यांना इतिहास म्हणता येत नाही. पण समाजाने कोणत्या गोष्टी जपल्या, हे त्यातून नक्की कळते. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाच्या वासाने दारातून जाणाऱ्या महाराच्या कुटुंबाला भूक लागली, नाथांनी ब्राह्मणांसाठी शिजलेले अन्न त्यांना वाढले. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे मूल कडेवर घेतले. रामेश्वराला न्यायचे कावडीतले पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले.

या कथा शाळेत ऐकलेल्या असतात. त्यांचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. ब्राह्मणांनी नाथांना प्रायश्चित्त घ्यायला लावले आणि नाथ ते घ्यायला निमूट तयार झाले. तेवढ्यात त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण आला. त्याला दृष्टान्त झाला होता, की एकनाथाने अंत्यजांना जेवू घातले त्याचे पुण्य मिळाले तरच रोग जाईल. पुण्य मिळाले, रोग गेला, सभा गप्प. राण्या महाराच्या घरी नाथ जेवायला गेले त्या कथेतही हीच युक्ती आहे. ब्राह्मण पाहायला जातात तर नाथ तिकडेही आणि स्वतःच्या घरीही. देवानेच त्यांचे रूप घेतलेले. कथाकाराची अडचण मला समजते. करुणेचा गौरव तर करायचा, पण धर्मसभेचा अधिकार उघड नाकारायचा नाही. मग चमत्कार मदतीला येतो.

नाथांना खरा विरोध बाहेरच्यांपेक्षा घरातून झाला, असे परंपरा सांगते. मुलगा हरिपंडित संस्कृतचा मोठा विद्वान. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाकडेही जेवतात, हे न रुचून तो काशीला निघून गेला. परत आणताना त्याने अटी घातल्या: परान्न घ्यायचे नाही, मराठीत पुराण सांगायचे नाही. नाथांनी त्याही मानल्या. व्यासपीठावर हरिपंडित बसू लागला आणि श्रोते आटले. हरिपंडिताला आपण खलनायक करून टाकतो. मला तो ओळखीचा वाटतो. बापाच्या चांगुलपणाची किंमत आपल्याला मोजावी लागते आहे, असे वाटणारा मुलगा कुठल्याही शतकात सापडेल.

करुणा आणि सोवळे यांतला नाथांचा पेच साने गुरुजींच्या घरातही होता. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिच्यात एक म्हातारी महारीण लाकडांची मोळी डोक्यावर चढवायला धडपडते आहे. श्याम आईला येऊन सांगतो. आई म्हणते, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. वाचक पहिल्या अर्ध्या वाक्याने गहिवरतो. दुसरे अर्धे वाक्य आपण गिळून टाकतो. कोकणातल्या त्या ब्राह्मण बाईने करुणेला पहिला मान दिला, पण विटाळालाही त्याची जागा ठेवली. आधी मोळी, मग आंघोळ. तिच्या काळात, तिच्या घरात, एवढा क्रम बदलणेसुद्धा लहान गोष्ट नव्हती. आंघोळ सोडायला मात्र मुलाची पिढी यावी लागली.

तो मुलगा पंढरपूरला बसला, त्याआधी काही महिने सेनापती बापटांसारख्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रभर हिंडला होता. गावोगाव सभा झाल्या, कित्येक ठिकाणी विहिरी आणि देवळे खुली झाली. उपोषण सुरू झाल्यावर गांधीजींची ते थांबवण्याबद्दल तार आली. गुरुजी गांधींना देवासारखे मानणारे, तरी थांबले नाहीत. परंपरा मोडणे एक वेळ सोपे. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याचा शब्द श्रद्धेपोटीच मोडणे फार अवघड. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, बडव्यांशी बोलणी झाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. पुढे दार उघडायच्या आधी विठ्ठलाचे देवत्व मंत्राने घागरीत काढून घेतले गेले, अशी गोष्ट पंढरपुरात सांगतात. काही कर्मठांनी त्यानंतर आत जाणे सोडले आणि कळसाला नमस्कार करून परतू लागले. म्हणजे शतकानुशतके जे बाहेरून कळस पाहत होते ते आत गेले, आणि आतले काही जण आपण होऊन बाहेर आले.

इथे डॉ. आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हक्क म्हणून प्यायले होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि पुढे वर्षानुवर्षे झगडूनही दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पंढरपूरचे दार उघडले तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न मागे पडला होता. त्यांचा आक्षेप आपल्या या सगळ्या करुणाकथांना लागू आहे. दया करणारा वर उभा असतो, त्याचे नाव राहते, त्याचे चरित्र लिहिले जाते. वाळूतल्या मुलाचे नाव महिपतींना माहीत नाही. मोळीवाल्या म्हातारीचे नाव श्यामलाही माहीत नाही. राण्याचे तेवढे उरले, कारण त्याने नाथांना घरी बोलावले. तो देणारा होता.

सावित्रीबाई फुल्यांच्या मृत्यूची हकीकत म्हणूनच मला वेगळी वाटते. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले. पासष्टीची ती बाई तिथे गेली आणि मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आली. यशवंत म्हणजे जोतीरावांनी आणि तिने दत्तक घेतलेला, एका विधवेचा मुलगा. गायकवाडांचा मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्चला गेल्या. यात चमत्कार नाही, प्रायश्चित्त नाही, आंघोळ नाही. मुलाच्या बापाचे नाव आहे, गाव आहे.

रूढी आणि हितसंबंध यांची युती फक्त हिंदूंकडेच होती असे मानायचे कारण नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, आणि लगेच तिथल्या चर्चच्या अधिकाराशी त्यांचे वाजू लागले. बिशप सांगेल ते मानणे त्यांना जमेना. पुरोहितांचा अधिकार झुगारून आले ते दुसऱ्या पुरोहितांपुढे मान तुकवायला नव्हे, असा त्यांचा एकंदर सूर होता. परत आल्यावर शारदा सदनातल्या विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. त्या मुली ख्रिस्ती झाल्या, हा आक्षेप टाळण्यासारखा नाही; दुष्काळात सापडलेल्या पोरीला निवड कितीशी असते? पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण त्या दुष्काळी मुलखात पोचले होते, हेही विचारायला हवे.

ना. वा. टिळकांनी तर १९१७ साली अमेरिकन मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनला हे पचणे कठीणच होते. घरात लक्ष्मीबाई नवऱ्याच्या धर्मांतरानंतरही वर्षानुवर्षे सोवळे सांभाळत होत्या. ते सुटले ते नवऱ्याच्या उपदेशाने नव्हे, स्वतःच्या विचाराने, आणि त्या ख्रिस्ती व्हायच्या आधी. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले नाही त्यांनी निदान तेवढ्यासाठी वाचावे.

मग गाडगेबाबा. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव, जात परीट. बाप दारूने गेला, जमीन सावकाराने खाल्ली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण द्यायचे, तर या माणसाने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद चिडले. रूढी मोडण्याची त्यांची सुरुवात अशी पंगतीतून झाली, आणि शेवटपर्यंत कीर्तनात त्यांचा हल्ला पंगतीवरच राहिला: कर्ज काढून तेरवी घालू नका, नवसाला बोकड कापू नका. एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात शिरले की आधी झाडायचे, बोलायचे नंतर. कीर्तनात प्रश्न विचारत जायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे, तेही अस्सल वऱ्हाडीत.

पंढरपूरला ते वर्षानुवर्षे येत, आणि देवळात जात नसत. वाळवंटात कीर्तन, सफाई, आंधळ्या-पांगळ्यांना अन्न. कुणी पाया पडायला आले की खराटा उगारत. स्वार्थाबद्दल तर त्यांचा कटाक्ष विलक्षण होता. लाखोंच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण व्यवस्था विश्वस्तांकडे दिली आणि आपल्या नातेवाइकांचा तिथे हक्क राहणार नाही याची दक्षता घेतली. बायको कुंताबाई झोपडीत राहिल्या. बडव्यांच्या वतनाच्या गावात हा माणूस वतनच होऊ देत नव्हता, हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. त्या वतनाचे काय झाले तेही सांगून टाकतो: १९७३ साली कायदा झाला, खटले चालत राहिले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपले. त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले तेव्हा जातीची अट नव्हती, आणि स्त्रियांनाही अर्ज करता येत होता. देवाला आरसा दाखवणे हे आता पगारी काम आहे.

वारीला येणाऱ्या महारांना पंढरपुरात उतरायला जागा नसे. गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली आणि तिला चोखामेळ्याचे नाव दिले. पायरीशी थांबलेल्या माणसाच्या नावाने त्याच गावात छप्पर झाले. एखाद्या पुण्यवानाने इथवर येऊन समाधान मानले असते. बाबांनी पुढे ती इमारत वसतिगृहासाठी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. जागा ज्यांच्यासाठी बांधली होती, कारभारही त्यांच्याकडे गेला.