समेटाच्या टेबलावर कोण?

कारखान्यात पगारवाढीवरून वाद पेटला, की प्रकरण सहसा आधी समेट अधिकाऱ्यापुढे येतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे पद होतं. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ते कायम ठेवलं. अधिकारी व्यवस्थापन आणि युनियन दोघांना नोटीस काढतो, वेगवेगळं ऐकून घेतो, मग समोरासमोर बसवतो. निकाल देण्याचा अधिकार त्याला नाही. करारावर सही करायची ती त्या दोघांनीच. म्हणून तिथे दोन्ही बाजूंचा विश्वास कमावलेला माणूसच लागतो. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांची थेट भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. संप सुरू झाल्यावर जाहिरात काढणं म्हणजे उशीरच: परीक्षा, मुलाखत, नेमणूक यांत महिने जातात. तोवर रिकाम्या खुर्चीचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे राहतो, तारखा पुढे ढकलल्या जातात आणि बिनपगारी दिवस कामगाराच्या घरात मोजले जातात.